इंदूरच्या ८५ पार्षदांना: कचऱ्यासाठी दारात आलात, आता विचारायला या

इंदूर नगर निगमातल्या सर्व पार्षदांना, पक्ष कोणताही असो,

सप्रेम नमस्कार.

मी लोकमान्य नगरात राहते. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. सत्तरी केव्हाच ओलांडली. तुमच्यापैकी काहींच्या आया माझ्या वर्गात बसल्या असतील, तेव्हा थोडं हक्काने लिहिते आहे, राग मानू नका.

तुम्ही जुलै २०२२ मध्ये निवडून आलात. म्हणजे २०२७ च्या मध्यावर तुम्ही, किंवा तुमच्या जागेसाठी उभे राहणारे दुसरे कुणी, हात जोडून आमच्या फाटकाशी येणार. त्या गडबडीत कुणी कुणाचं ऐकत नाही, म्हणून आत्ताच सांगते. मला तुमच्याकडून बाक, कमान, स्वागतद्वार यातलं काही नको. आपापल्या वार्डात दर तीन महिन्यांनी लोकांची सभा घ्या. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, आणि काम सुरू होण्याच्या आधी घ्या. एवढंच मागणं आहे. ते का, हे सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

तुमच्या आधीच्या परिषदेची मुदत २०२० च्या सुरुवातीला संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट २०२२ मध्ये. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी, असं राज्यघटनेत स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी दोन वर्षांहून जास्त काळ या शहराला लोकांनी निवडलेला एकही पार्षद नव्हता. करोना होता, आरक्षणाचा वाद कोर्टात होता, सगळं मान्य. मला वाईट वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. त्या काळात पार्षद नाहीत, हे आमच्या गल्लीत फारसं कुणाला जाणवलंच नाही. दिवे लागत होते, झाडू लागत होता, कचऱ्याची गाडी येत होती. जो माणूस आपल्याशी कधी बोलतच नाही, तो नसला तरी कळत नाही. तुम्हाला हे वाचून लागलं, तर ते लागावं असंच मला वाटतं, कारण मला पार्षद हवे आहेत. अधिकाऱ्याची बदली होते. तुम्ही याच गल्लीत राहणार आहात आणि याच नळाचं पाणी पिणार आहात.

आता स्वच्छतेचं बोलते. २०१६ च्या सर्वेक्षणात इंदूर पंचविसावं होतं, २०१७ मध्ये पहिलं आलं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं पहिलंच राहिलं. पाहुणे आले की आपण अभिमानाने सांगतो, मीही सांगते. पण हे जमलं कसं, याचा विचार आपण नीट केलेला नाही. भाषणांत गाड्यांची संख्या येते, देवगुराडियाच्या प्रकल्पाचं नाव येतं. रोजचा ५५० टन ओला कचरा पचवून गॅस करणारा तो प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, आणि तो मोठाच आहे. पण त्यात जाणारा कचरा वेगळा करणारे हात आमच्या स्वयंपाकघरातले आहेत.

ते हात कसे तयार झाले, ते मी माझ्या फाटकात उभी राहून पाहिलं आहे. सुरुवातीच्या दिवसांत गाडीबरोबर दोन मुली यायच्या. माझी बादली हातात घ्यायच्या, झाकण उघडायच्या, भाजीच्या देठांतून दुधाची पिशवी बाहेर काढून माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "आंटी, हे दुसऱ्या डब्यात." चिडचिड नाही, दंडाची धमकी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच. शेजारच्या आजी ऐकायच्या नाहीत, तर मुलींनी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना दाखवलं. बॅटरीचे सेल, जुनी औषधं, सॅनिटरी पॅड वेगळे का ठेवायचे, हे बायकांशी इतक्या उघडपणे बोलणारं सरकारी माणूस मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. आज आमच्या गल्लीतलं चार वर्षांचं पोरही केळ्याचं साल घेऊन कोणत्या डब्याकडे जायचं ते विचारत नाही.

म्हणजे या शहराला दारात जाऊन समजावता येतं, शहर समजून घेतं, आणि एकदा पटलं की नियम मोडत नाही. हे तुमच्याच निगमने सिद्ध केलं आहे. मग माझा प्रश्न असा की, पाण्यासाठी तुम्ही असे दारात का आला नाहीत? रस्ता खोदण्याआधी का आला नाहीत? झाड तोडण्याआधी?

हे काही मी नवं सांगत नाही. शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडेस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदुरात आले होते. त्या काळी प्लेगने शहर गांजलेलं होतं. गेडेस यांनी महाराजांकडे एक दिवसाचं राज्य मागून घेतलं आणि दिवाळीची मिरवणूक काढायची असं जाहीर केलं. मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या मोहल्ल्यात घरं जास्त स्वच्छ, दुरुस्त आणि रंगवलेली असतील, झाडं लावलेली असतील, तिथून जाईल, असं त्यांनी सांगितलं. बस, सगळं गाव झाडायला लागलं. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा पुतळा होता, घाणीचा राक्षस होता, आणि पाठोपाठ स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार आपापल्या रंगवलेल्या गाड्या घेऊन चालत होते. त्या काळात ज्यांची सावली लोक टाळत, त्यांना सन्मानाने शहरातून फिरवलं. शेवटी राक्षस जाळला. त्यानंतर १९१८ मध्ये गेडेस यांनी दरबाराला जो अहवाल दिला, त्यातलं सूत्रही हेच होतं. जुन्या गल्ल्या सरळ रेषेत कापत सुटू नका, थोडकी मोडतोड करून उजेड-वारा आत आणा. विहिरी, तलाव, नदीकाठ राखा. आणि जे करायचं ते तिथे राहणाऱ्यांना बरोबर घेऊन करा.

राजवाड्याच्या आसपासच्या रुंदीकरणाचा नकाशा मंजूर करताना तुमच्यापैकी कितीजणांनी तो अहवाल चाळला, मला ठाऊक नाही. नसेल तर चाळा.

पाण्याकडे वळते, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावर.

इंदूरला नर्मदा कुणी खैरातीत दिलेली नाही. १९७० मध्ये या शहराने नर्मदेसाठी आंदोलन केलं. आम्ही कॉलेजातल्या मुली तेव्हा मोर्च्यात होतो. दुकानं बंद, शाळा बंद, आणि सगळ्या पक्षांचे लोक एका मांडवात. १९७८ मध्ये पाणी आलं. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून ते इथे आणतात, आणि त्याच्या विजेच्या बिलात निगमचा किती पैसा जातो हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. इतक्या कष्टाने आणलेलं पाणी शेवटच्या दोनशे पावलांत नासतं, हे मला सहन होत नाही.

भागीरथपुऱ्यात २०२५ च्या डिसेंबरात जे झालं, त्याबद्दल मी मुद्दाम थोडंच लिहिते, कारण ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांच्यापुढे आपण काय बोलणार. नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं, शेकडो लोक आजारी पडले, माणसं दगावली. त्याआधी तिथले लोक पाण्याला वास येतो म्हणून सांगत होते. त्यांचं ऐकायला एक ठरलेली जागा, एक ठरलेला दिवस, समोर बसलेला एक जबाबदार माणूस आणि लिहून घेणारं एक रजिस्टर असतं, तर? हा "तर" मला रात्री झोपू देत नाही.

असं का होतं, ते विज्ञानाने सांगते, म्हणजे निदान "कसं काय झालं कुणास ठाऊक" असं कुणी म्हणणार नाही. आपल्याकडे बहुतेक भागांत नळ एक दिवसाआड येतो, तोही थोडा वेळ. पाणी वाहतं तेव्हा पाइपात दाब असतो आणि फट असली तर पाणी बाहेर गळतं. नळ गेला की पाइप रिकामा होतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत शिरतं. शेजारून ड्रेनेज लाइन जात असेल तर काय शिरत असेल, ते वेगळं सांगायला नको. त्यात घरोघरी लोक लाइनीला थेट मोटर लावतात. मोटर दाब आणखी खाली खेचते. माझ्या शेजाऱ्यांना हे मी तोंडावर सांगितलं आहे आणि इथेही लिहिते: थेट मोटर लावणारा माणूस सगळ्या गल्लीच्या पाण्यात घाण ओढतो आहे. पार्षदांनी हे बोललं पाहिजे, मत गेलं तरी बोललं पाहिजे.

आणि तपासणी? ती इतकी सोपी आहे की नववीच्या मुलींकडून मी ती करून घेत असे. नळाच्या टोकाला पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्राम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, जितका गडद तितका जास्त. रंगच आला नाही तर क्लोरीन संपलेलं आहे. मग एकतर टाकीवर ते घातलं नाही किंवा वाटेत मिसळलेल्या घाणीने ते खाऊन टाकलं. दोन्ही गोष्टी घाबरण्यासारख्याच. तपासलेलं पाणी अर्थात प्यायचं नाही, ओतून द्यायचं. जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइडची बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायची आणि २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेचा संसर्ग असल्याचा संशय धरायचा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. खर्च एका प्लेट कचोरीहून फार नाही.

भागीरथपुऱ्याच्या बातमीनंतर मी आमच्या ओट्यावर परीक्षानळ्यांचा स्टँड मांडला आणि गल्लीतल्या पोरांना हाक मारली. एका नळीत नळाचं पहिल्या धारेचं पाणी, दुसऱ्यात पाच मिनिटांनंतरचं, तिसऱ्यात पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतलं. पहिल्यात फिकट पिवळा, दुसऱ्यात चांगला लिंबासारखा पिवळा. तिसरी नळी तशीच पांढरी राहिली. सहावीतला एक मुलगा नळी डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आजी, आम्ही तर हेच पितो." संध्याकाळपर्यंत त्या इमारतीतल्या लोकांनी वर्गणी काढून टाकी साफ करायला माणूस बोलावला. मी कुणाला उपदेश केला नव्हता. त्यांनी रंग पाहिला होता.

हे प्रत्येक वार्डात होऊ शकतं. सभेच्या दिवशी टेबलावर नळ्या मांडा. लोकांना घरून बाटलीतून पाणी आणायला सांगा. तुमच्यासमोर, त्यांच्यासमोर तपासा. ज्या गल्लीचं पाणी रंग दाखवणार नाही, त्या गल्लीचं नाव फळ्यावर लिहा आणि दुरुस्ती होईपर्यंत पुसू नका. रसायनं लागली तर मी देईन, शिकवायला मी येईन. माझ्यासारख्या निवृत्त शास्त्र-शिक्षिका या शहरात वार्डाला एक सहज सापडतील. कुणी बोलावत नाही म्हणून घरी बसल्या आहेत.

३० मार्च २०२३ ची रामनवमीही विसरू नका. पटेल नगरच्या मंदिरात बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवर, टाकलेली फरशी खचली आणि ३६ माणसं गेली. त्या बांधकामाबद्दल रहिवाशांनी आधी लेखी तक्रारी केल्या होत्या, नोटिसाही निघाल्या होत्या. कागद फिरत राहिले. नंतर मंदिर पाडलं, बावडी भरून टाकली. गेडेस ज्या विहिरी-बावड्या राखा म्हणाले होते, त्यांच्यातली एक आपण आधी झाकली, मग तिच्यात माणसं गमावली, मग बुजवली. तुमच्या वार्डात अशा किती झाकलेल्या बावड्या आहेत? जुन्या लोकांना विचारा, ते बोट दाखवून सांगतील कोणत्या दुकानाखाली, कोणत्या बागेच्या कोपऱ्यात. ही माहिती माझ्या पिढीबरोबर जाणार आहे. लवकर विचारा.

बी.आर.टी.एस.चं, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेचं, थोडक्यात. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत साडेअकरा किलोमीटर, २०१३ मध्ये सुरू झाली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन ती काढायला सुरुवात झाली. ती चांगली होती की वाईट, यावर मी आणि माझा धाकटा भाऊ आजही भांडतो. त्याची मोटार आहे, त्याला रस्ता मोकळा हवा. मी बसने जायची. वातानुकूलित बस, फलाटाच्या पातळीला दार, गुडघे दुखणाऱ्या बाईला पायरी चढावी लागत नसे. एल.आय.जी.हून नवलाख्याला मी एकटी जाऊ शकत होते. पण आमच्या भांडणात एका गोष्टीवर एकमत आहे: बांधताना आम्हा दोघांनाही कुणी विचारलं नाही आणि तोडतानाही नाही. बसमध्ये बसणारी मोलकरीण, नर्स, कोचिंगला जाणारी मुलगी, यांचं म्हणणं कोणत्या कागदावर नोंदलं गेलं? आता मेट्रो आहे. मे २०२५ मध्ये सुपर कॉरिडॉरवरचा पहिला टप्पा सुरू झाला. शहराच्या मध्यातून ती वरून जावी की खालून, यावर मोठी माणसं बोलत असतात. त्या मार्गावर राहणाऱ्यांची सभा मात्र वार्डातल्या कुठल्या बागेत झाल्याचं माझ्या कानावर नाही.

झाडांचं तसंच. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात १२ लाखांहून जास्त रोपं लावून आपण विश्वविक्रम केला. चांगलं केलं, रोपं जगोत. पण रीगल चौकाजवळच्या राणी सरायच्या जुन्या झाडांसाठी याच शहरातल्या लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. संध्याकाळी तिथून गेलात तर पोपटांच्या कलकलाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. रोप लावताना सगळे फोटोत असतात. झाड तोडायचा निर्णय कुणी, कधी, कोणत्या बैठकीत घेतला, हे विचारलं की नाव सापडत नाही. वार्डातलं झाड तोडायचं असेल तर आधी वार्डाला सांगा. झाडावर नोटीस लावा, पंधरा दिवस ठेवा, सभेत बोला. लोक नेहमी नाहीच म्हणतील असं नाही. आमच्याकडे एक वाळलेला गुलमोहर पाडायला सगळ्यांनी मिळून होकार दिला होता आणि त्याच्या जागी कडुनिंब लावला.

आता बाई पार्षदांशी वेगळं बोलायचं आहे. मध्य प्रदेशात नगर निगमात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. म्हणजे ८५ मधल्या निम्म्या तुम्ही आहात. हे आमच्या तरुणपणी स्वप्नातही नव्हतं. मग फलकावर तुमच्या फोटोशेजारी तुमच्या यजमानांचा फोटो तितकाच मोठा का असतो? कामाची पाहणी करायला ते का येतात? फोन ते का उचलतात? सगळ्यांचं असं आहे असं मी म्हणत नाही. काही जणी फार चांगलं काम करतात, पहाटे सहाला रस्त्यावर असतात, मला माहीत आहे. पण जिथे पार्षदाची खुर्ची नवऱ्याने घेतली आहे, तिथे आम्हा बायकांचा अपमान होतो आहे. पाण्याची वेळ, ड्रेनेजचा वास, अंधारी गल्ली, शाळेसमोरची टपरी, हे तुम्हाला नवऱ्यापेक्षा जास्त कळतं. सुमित्राताई महाजनांनी १९८२ मध्ये याच निगममधून सुरुवात केली, उपमहापौर झाल्या, पुढे १९८९ पासून सलग आठ वेळा खासदार आणि मग लोकसभेच्या अध्यक्षा. त्यांच्या पक्षाचं पटो न पटो, त्या स्वतः बोलायच्या, स्वतः भेटायच्या. ताईंनो, तुम्ही स्वतः या. अडखळलात तरी चालेल, आम्ही ऐकून घेऊ.

मोठ्या राजकारणाचं एकच सांगते. २०२४ च्या लोकसभेला मुख्य विरोधी पक्षाच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि इंदूरच्या मतदारापुढे खरी निवड उरली नाही. तेव्हा २,१८,६७४ लोकांनी नोटाचं बटण दाबलं. उन्हात मतदान केंद्रावर गेले, रांगेत उभे राहिले, बोटाला शाई लावून घेतली, आणि यादीतल्या सगळ्यांना नको म्हणाले. तुम्ही कोणत्याही पक्षात असा, या आकड्याला नावं ठेवू नका. हे तेच शहर आहे ज्याने १९६२ मध्ये होमी दाजींना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं होतं. गिरणी कामगारांच्या चाळींत बसून त्यांचं ऐकणारा माणूस लोकांना आपला वाटला होता. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, आणि तिच्या कामगारांना हक्काचे पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी जण गेले होते. ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांनी किती वाट पाहायची, याचा हिशेब या शहरापाशी आहे. त्या दोन लाखांवर लोकांचं म्हणणं काय होतं, ते विचारायला कुणी गेलं का? त्यातले काही तुमच्या वार्डात राहतात.

आमच्या मराठी मंडळींबद्दलही बोलते, नाहीतर म्हणाल बाईंनी आपल्यांना झाकून घेतलं. गुढीपाडव्याला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, शिवजयंतीला तुम्ही आमच्या मंचावर येता, शाल घेता, "मराठी समाजाचं योगदान" यावर बोलता आणि जाता. आमचे लोकही त्यावर खूश असतात. मला हे पटत नाही. मला नळाचं पाणी मराठी म्हणून मिळत नाही. तीच लाइन पुढे सिंधी शेजाऱ्याकडे जाते, तिथून बोहरी दुकानदाराकडे आणि मागच्या वस्तीत. समाजासमाजाचे वेगळे मंच मांडून तुम्ही प्रत्येकाकडून वेगळी टाळी घेता, आणि एका गल्लीतले लोक एकत्र बसून एक प्रश्न विचारतील अशी जागाच राहत नाही. आणि आपले लोक! अभ्यास मंडळाच्या व्याख्यानमालेला वेळेआधी जाऊन पुढची खुर्ची धरतील, परराष्ट्र धोरणावर प्रश्न विचारतील, आणि गल्लीतल्या चेंबरचं झाकण महिनाभर नसलं तरी "आपल्याला काय करायचंय" म्हणून वळसा घालून जातील. त्यांनाही मी सभेला ओढून आणीन, त्याची जबाबदारी माझी.

अहिल्यादेवींची त्रिशताब्दी आपण २०२५ मध्ये साजरी केली. राजवाड्यात मंत्रिमंडळाची बैठक झाली, पुतळ्यांना हार झाले. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यासारख्या परक्या माणसाने लिहून ठेवलं आहे की, बाई रोज उघड्या दरबारात बसत आणि फिर्याद घेऊन आलेल्या कुणालाही त्यांच्यापुढे जाता येत असे. रोज. मी तुम्हाला तीन महिन्यांतून एकदा म्हणते आहे.

तीन लाखांवर वस्तीच्या शहरात वार्ड समित्या असायलाच हव्यात, हे ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून लागू केलेलं आहे. आपल्या राज्याच्या कायद्यात मोहल्ला समितीचीही तरतूद आहे. तेव्हा परवानगीसाठी भोपाळकडे बघायची गरज नाही. मंडप नको, माइक नको, स्वागत-सत्कार तर अजिबात नको. वार्डातली बाग किंवा शाळेचं पटांगण, रविवारची सकाळ, पोहे खाऊन झाल्यावर दहा वाजता. आधी मागच्या सभेत काय ठरलं आणि त्यातलं काय झालं, ते वाचून दाखवायचं. मग पुढच्या तीन महिन्यांत वार्डात कोणती कामं येणार, किती पैशांची, ठेकेदार कोण, रस्ता किती दिवस खोदलेला राहणार, हे सांगायचं. नर्मदा लाइन आणि ड्रेनेजचे इंजिनिअर समोर बसलेले असले पाहिजेत, कारण "साहेबांना विचारून सांगतो" या उत्तराने तीन महिने जातात. त्यानंतर लोकांनी बोलायचं, तुम्ही लिहून घ्यायचं. जमणार नाही ते जमणार नाही म्हणून तिथेच सांगा, आम्ही लहान मुलं नाही. पाण्याच्या नळ्यांचं टेबल दाराशी. झोपडवस्तीतल्या बायकांना रविवारी चार घरची कामं असतात, त्यांच्यासाठी तारीख बदलावी लागली तर बदला. त्या आल्या नाहीत तर ती वार्डाची सभा झाली असं मी मानणार नाही.

सभेची खबर कचऱ्याच्या गाडीच्या भोंग्यावरून चार दिवस आधी द्या. ती गाडी ज्या दारापुढे थांबत नाही असं दार इंदुरात नाही. आणि रजिस्टर बांधीव ठेवा, सुट्या कागदांचं नको. पानांना नंबर घाला. २०२७ मध्ये मत मागायला याल तेव्हा ते बरोबर आणा. माझ्या ओट्यावर बसून आपण ते पान-पान वाचू.

आपली,
लोकमान्य नगरातली एक निवृत्त शिक्षिका आणि मतदार
इंदूर